फोटोपुरतं विमान

राहात्याच्या भिंगारदिवे सरांच्या घरी एक विमान होतं. दचकू नका, हातभर लांबीचंच होतं. पण अस्सल धातूचं, आणि इतकं जड की पायावर पडलं असतं तर प्लास्टरच. शोकेसच्या वरच्या कप्प्यात बुद्धमूर्ती, मधल्या कप्प्यात हे विमान आणि खालच्या कप्प्यात पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला कपबशीचा सेट. त्या सेटच्या योग्यतेचा पाहुणा अजून राहात्यात उतरायचा होता.

या विमानाचे पंखे मागे होते. नाकाशी नाही, मध्ये नाही, पार शेपटीजवळ. दोन बाजूंना दोन इंजिनं आणि प्रत्येक इंजिनाच्या बुडाशी कोयत्यासारख्या वाकड्या पात्यांची दोन चक्रं. फुंकर मारली की एक चक्र इकडे फिरायचं आणि दुसरं तिकडे. घरी येणारा प्रत्येक माणूस ते बघायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "सर, पंखे उलटे बसलेत वाटतं."

शेजारच्या लंकाबाईंनी तर पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. "आवो सर, पंखा कसा वारा घेतो? फुडून. ह्येचा वारा मागं जातोय. ह्ये इमान उडायचं न्हाई."

सर मग समजावून सांगायचे. हे प्रॉपफॅन विमान आहे. जेटचा वेग आणि पंख्याची काटकसर, इंधन निम्म्याच्या आसपास. अमेरिकेत खरोखर उडवून पाहिलेलं आहे. एवढं सांगून झालं की ऐकणारा विचारायचा, "मग कुठल्या गावाला जातं ते?" आणि इथं सर शोकेसची काच पुसायला लागायचे. कारण ते कुठल्याच गावाला जात नव्हतं. चाचण्या झाल्या, तेल स्वस्त झालं, कंपन्यांनी विमान गुंडाळून ठेवलं. जगात कुठेच न चालणारं विमान राहात्यात शोकेसमध्ये उभं होतं.

पण सरांच्या आयुष्यातलं ते एकुलतं एक बक्षीस होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका परदेशी मासिकाच्या निबंधस्पर्धेत त्यांनी भाग घेतला. पुढच्या दहा वर्षांत जगातल्या तमाम विमानांचे पंखे मागे जाणार, असं त्यांनी इंग्रजीत छातीठोक लिहून दिलं, आणि त्यांना उत्तेजनार्थ हे विमान मिळालं. खाली लाकडी बैठक, तिच्यावर इवलीशी पितळी पाटी आणि पाटीवर इंग्रजीत कोरलेलं त्यांचं नाव. पार्सल घरी येईपर्यंत तो सगळा प्रकल्पच बंद पडत आला होता. "तुम्ही निबंध लिहिलात म्हणूनच बंद पडला," असं यशोधराबाईंचं मत होतं.

आता उत्तेजनार्थ बक्षिसाचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तर त्याला कारण आहे. सर शिकवायचे विज्ञान, पण अख्ख्या तालुक्यात त्यांची ख्याती होती ती सूत्रसंचालक म्हणून. सत्कार कुणाचाही असो, माईकवर भिंगारदिवे सर. ग्रामसेवकाची बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली, सत्कार. कुणाची म्हैस प्रदर्शनात पहिली आली, तरी सरांनी तिच्याबद्दल असं भाषण केलं होतं की मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या खांद्यांवर शाली घालायला लावल्या, पण स्वतःच्या खांद्यावर कधी टॉवेलसुद्धा पडला नव्हता. जगात कुणीतरी, भले समुद्रापलीकडे का असेना, आपल्याला काहीतरी दिलंय, याचा पुरावा म्हणजे ते विमान.

मग एका वर्षी जामखेडकडच्या गहिनीनाथभाऊंचा सत्कार निघाला. भाऊ कुठल्याशा साखर कारखान्याचे संचालक, आणि ऊस कसा लावतात हे बघायला ब्राझीलला जाऊन आलेले. त्यांच्या भागातली माणसं दर साली बिऱ्हाड घेऊन ऊस तोडायला जातात, त्यांना परत आल्यावर कुणी हार घातल्याचं ऐकिवात नाही. भाऊंनी नुसता बघितला. पण विमानातून जाऊन बघितला ना! मग सत्कार नको?

सत्कार करत होती गावातली पतसंस्था. तिचं नाव मी सांगणार नाही, माझी ठेव आहे तिथं. चेअरमन बन्सीशेठ ऐन कार्यक्रमाच्या वेळी घामाघूम होऊन सरांजवळ आले.

"सर, घोटाळा झाला. स्मृतिचिन्हांचा टेम्पो कोल्हारच्या पुलाशी बंद पडलाय. भाऊ स्टेजवर बसलेत. शाल हाय, नारळ हाय, हातात द्यायला चिन्ह न्हाई."

"मग नुसता हार घालू."

"हारावर भाऊ परत जातील व्हय? तुमच्या घरी ते इमान हाय ना? ब्राझीलला इमानातनंच गेल्ते भाऊ. लई शोभंल बघा! फकस्त फोटोपुरतं. फोटो निघाला की माझ्या हातानं परत."

सरांना नाही म्हणता येत नाही. हा त्यांचा जुना आजार. ते तसेच घरी पळाले. यशोधराबाई मेथी निवडत होत्या.

"फोटोपुरतं?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "मागच्या साली कार्यक्रमापुरती म्हणून आपली खुर्ची नेली होती. ती अजून पतसंस्थेत आहे. मॅनेजर बसतो तिच्यावर."

"अगं, खुर्ची वेगळी. हे लाखमोलाचं आहे, कळतं त्यांना."

"कळतं म्हणूनच म्हणते."

पण सर विमान घेऊन निघालेसुद्धा. आणि पुढे जे झालं ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं केलं, हे मात्र खरं. माईक हातात आला की सरांचं भान सुटायचं. "हे केवळ विमान नव्हे," ते भरल्या आवाजात म्हणाले, "भाऊंच्या उत्तुंग झेपेचं हे प्रतीक आहे, आणि राहातेकरांनी ते आपल्या काळजातून काढून भाऊंच्या हाती दिलं आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊंनी विमान हातात घेतलं, वजन बघून खूश झाले आणि फोटोसाठी शेपटी पुढे करून धरलं. पंखे जिकडे, विमानाचं तोंड तिकडे, हा त्यांचा हिशेब. ब्राझीलपर्यंत जाऊन आलेल्या माणसाला कोण शिकवणार?

फोटो निघाला. आभारप्रदर्शन झालं. सर माईकची वायर गुंडाळत होते, तेवढ्यात जीप सुरू झाली. पुढच्या सीटवर भाऊ, भाऊंच्या मांडीवर विमान.

"शेठ! विमान!" सर वायरीसकट धावले.

"सर, आता काय करू?" बन्सीशेठनी हात पसरले. "भाऊंना आवडलं. मांडीवरनं खाली ठिवंनात. हातातनं हिसकून घिऊ? आन् काळजातनं काढून दिलं, आसं तुमीच म्हनला की माईकवर!"

वर्षानुवर्षं सर माईकवर जे काही बोलले, ते कुणीतरी खरं मानल्याची ही पहिलीच वेळ.

त्या दिवसापासून विमान परत आणणं हे सरांच्या आयुष्याचं कार्य झालं. गल्लीनं सल्ले द्यायला सुरुवात केली. लंकाबाई म्हणाल्या, "सरळ केस करा." गल्लीत राहणाऱ्या हवालदारांना सरांनी विचारलं, तर त्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या चौकशी सुरू केली.

"काय गेलं?"

"विमान."

"उभं कुठं केलं होतं?"

"शोकेसमध्ये."

"कुणी नेलं?"

सरांनी नाव सांगितलं. हवालदारांनी आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं. मग म्हणाले, "सर, आमच्या धाकटीच्या लग्नात सूत्रसंचालन तुम्हीच करायचं बरं का," आणि आत निघून गेले.

पतसंस्थेत वेगळीच तऱ्हा. विमान परत मागायचं तर संचालक मंडळाचा ठराव हवा, असं मॅनेजर म्हणाला. तोही सरांच्याच खुर्चीवर रेलून. आणि ठराव करायचा तर आधी विमान संस्थेचं होतं असं दाखवावं लागेल. आणि ते संस्थेचं होतं असं दाखवलं, की सरांचा त्याच्याशी संबंध काय? सर बाहेर येऊन वडाखाली बराच वेळ बसून राहिले.

शेवटी एका रविवारी त्यांनी एसटी धरली, नगरला गाडी बदलली आणि जामखेडच्या पुढे भाऊंचं गाव गाठलं. भाऊंनी मोठ्या प्रेमानं चहा पाजला. माणूस वाईट नव्हताच.

"सर, तुमचं त्ये भाषन! मंडळी आजून नाव काढत्यात."

"भाऊ, ते विमान..."

"त्ये व्हय? त्ये आमी फुडं दिलं."

"पुढं?"

भाऊंनी त्यांना मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. सरांनी आत पाहिलं आणि त्यांची बोबडीच वळली. जमिनीपासून आढ्यापर्यंत स्मृतिचिन्हं. लाकडी बैलगाड्या, तलवारी, घड्याळं, काचेच्या पेटीतले ताजमहाल. बैलगाड्या तर इतक्या की बाजार भरवावा.

"आता ह्ये सगळं घरात ठिवून काय करायचं?" भाऊ म्हणाले. "हितनं येतं, हितनं जातं. खालची पाटी झाकायची, वर नवी चिटकवायची. आमालाबी कुनाचा तरी सत्कार करावाच लागतो की! इमान पाथर्डीच्या रावसाहेबांना दिलं, रिटायर झाले म्हनून. तुमी आसं करा, एवढ्या लांब आलाय, रिकाम्या हातानं जाऊ नका. ही बैलगाडी घ्या."

नको नको म्हणता बैलगाडी पदरात पडली. परतीच्या एसटीत कंडक्टरनं तिचं लगेज लावलं.

पाथर्डीचे रावसाहेब महसूल खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. स्वतःच्या घरच्या ओसरीवर बसून त्यांनी सरांना सांगितलं, "अर्ज करा."

"अहो, पण विमान तुमच्या घरात आहे ना? नुसतं उचलून द्यायचं."

"तसं कसं? उद्या दुसरा कोणी आला म्हणजे? अर्ज, सोबत मालकीचा पुरावा, दोन पंच. मग बघू."

सरांनी कसाबसा अर्ज केला, लंकाबाईंना आणि हवालदारांना पंच केलं. रावसाहेबांनी अर्ज वाचला, एक शब्द दुरुस्त केला आणि शांतपणे सांगितलं की विमान तर त्यांनी कधीच कोपरगावला भाच्याच्या लग्नात आहेर म्हणून देऊन टाकलं आहे. "मग अर्ज कशाला घेतलात?" असं सरांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "अर्जाशिवाय माहिती देता येत नाही." निघताना सहानुभूती म्हणून त्यांनी एक घड्याळ दिलं. त्याला काटे नव्हते.

इकडे शोकेसचा मधला कप्पा भरत चालला. बैलगाडी, घड्याळ, मग भाच्याच्या सासऱ्यानं माफी मागत दिलेली पितळी समई. प्रत्येकावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. "आपल्या घरात," यशोधराबाई म्हणाल्या, "आपल्याशिवाय सगळ्यांचे सत्कार आहेत." सर त्या रात्री जेवले नाहीत. तसं म्हणजे जेवले, पण वरण परत घेतलं नाही.

माग शेवटी कोपरगावात अंगदच्या दुकानाशी थांबला. अंगदचा धंदा ढाली, करंडक आणि स्मृतिचिन्हांचा. नवरदेवाला ते विमान पसंत पडलं नव्हतं, म्हणून त्यानं अंगदला देऊन बदल्यात भिंतीवरचं हरीण नेलं होतं.

"आवो, फॉल्टी पीस हुता तो!" अंगद उत्साहानं सांगू लागला. "पंखे मागं! कंपनीत कुनीतरी डुलकी काढली आसनार. मी काढले, फुडच्या कडंला मस्त बसवले, मागची भोकं एमसीलनं बुजवली आन् वरनं चंदेरी रंग. वळखू येत न्हाई आता."

सर स्टुलावर बसले. बसले म्हणजे स्टूल तिथं होतं म्हणून, नाहीतर खालीच बसले असते. अमेरिकेनं कोट्यवधी डॉलर घालून पंखे मागे नेले, आणि अंगदनं एमसीलच्या एका पुडीत ते पुढे आणून दिले.

"अंगदराव, ते विमान माझं आहे. बैठकीवर माझ्या नावाची पाटी आहे."

"सर, त्येच्यावर पाट्यावर पाट्या बसल्यात. सगळेच मालक म्हनून आले तर मी कुनाला दिऊ? पावती हाय?"

बक्षिसाची पावती कोण ठेवतो?

"बरं, विकत द्या."

"आता ते इकायचं न्हाई. भाड्याचा पीस हाय. कुनाची ऑर्डर येळंवर न्हाई झाली, की फोटोपुरतं ह्ये द्यायचं. दिसायला भारी, वजनाला भारी. आक्ख्या शिजनमधी ते घरी नसतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी उष्णतेचं वहन शिकवायचं सोडून मुलांना विचारलं, "एखाद्याला एकच बक्षीस मिळालं आणि तेही भाड्यानं फिरायला लागलं, तर?" मुलांना वाटलं प्रश्न परीक्षेला येणार आहे. त्यांनी लिहून घेतला.

तेवढ्यात पतसंस्थेची वार्षिक सभा आली. त्या साली लाभांश द्यायला जमणार नव्हतं, आणि लाभांश नसला की संस्था सत्कार ठेवते, म्हणजे सभासद टाळ्या वाजवण्यात गुंततात. यावेळी कुणाचा करावा? भाऊंचा करून झाला होता, म्हशीचाही झाला होता. बन्सीशेठ घरी आले आणि म्हणाले, "सर, औंदा तुमचा."

सरांनी दोनदा विचारून घेतलं. मग आत जाऊन तोंड धुऊन आले.

सभेच्या दिवशी यशोधराबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. लंकाबाई पुढच्या रांगेत येऊन बसल्या. आणि ऐन वेळी लक्षात आलं, की सूत्रसंचालन कोण करणार? तालुक्यात दुसरा माणूसच नव्हता. झालं! सर माईकपाशी गेले, "आता मी सत्कारमूर्ती भिंगारदिवे सर यांना विनंती करतो की त्यांनी स्थानापन्न व्हावं," असं म्हणाले, जाऊन खुर्चीवर बसले, परत उठून माईकवर आले, स्वतःचा परिचय करून दिला, तोही हात राखून, आणि पुन्हा जाऊन बसले. शाल आली, नारळ आला. मग बन्सीशेठनी एका भारी वस्तूवरचं लाल कापड काढलं.

चंदेरी रंग. पंखे पुढे. खाली ताजी पाटी: भिंगारदिवे सर यांना सप्रेम भेट.

सरांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. रंग बदला, पंखे हलवा, आपलं वजन हातांना कळतंच. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सभासद हळहळले, किती हा साधा माणूस! फोटोवाल्यानं फ्लॅश मारला. आणि बन्सीशेठ हसऱ्या चेहऱ्यानं सरांच्या कानाशी वाकले.

"सर, फोटोपुरतं हां. कोपरगावहून भाड्यानं आनलंय. तुमचं खरं घड्याळ टेम्पोत हाय. टेम्पो बंद पडलाय. ह्ये उद्या परत द्यायचंय."

पुढच्या रांगेत यशोधराबाई होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नसणार, पण त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि जागच्या जागी पदर खोचला. सरांनी तो पदर पाहिला. मग विमान काखेत मारून ते सावकाश माईकपाशी गेले.

"बंधू-भगिनींनो, आत्ताच चेअरमनसाहेबांनी माझ्या कानात एक गोष्ट सांगितली. कुणाला सांगू नका म्हणाले. मोठी माणसं दिल्याचा गाजावाजा करत नाहीत. पण मी पडलो सूत्रसंचालक, माझ्या पोटात काही राहत नाही. ते म्हणाले, सर, हे विमान तुमचं आहे. घरी न्या, परत आणायचं नाही. कोपरगावच्या दुकानदाराचं जे काय होईल ते मी माझ्या खिशातून देईन, संस्थेच्या पैशाला हात लावणार नाही!"

टाळ्या कोसळल्या. शेवटच्या वाक्याला तर सभासद उभेच राहिले, कारण संस्थेच्या पैशाला हात लागणार नाही, हे त्यांना त्या व्यासपीठावरून पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. "बन्सीशेठ आगे बढो" अशा घोषणा सुरू झाल्या. बन्सीशेठ तोंड उघडं टाकून उभे होते. मग त्यांनी ते मिटलं, हात जोडले आणि चारी दिशांना नमस्कार केला. दुसरं करणार काय?

सर आभारप्रदर्शनाला थांबले नाहीत. सूत्रसंचालक सत्कारमूर्तीला घेऊन गेला, असं नंतर सगळे सांगत होते. यशोधराबाई सभेच्या दारात तयारच होत्या. विमान शालीत गुंडाळून दोघं लगबगीनं घरी आले आणि आतून कडी लावली.

रॉकेलचा बोळा लावून सरांनी बैठकीवरच्या पाट्या सोडवायला घेतल्या. यशोधराबाई एकेक वाचत होत्या. सर्वांत वर सरांची. तिच्याखाली कुठल्याशा कबड्डी संघाची, मग नवदांपत्याची, मग रावसाहेबांची. सगळ्यात तळाला, डिंकानं काळवंडलेली ती इवली पितळी पाटी. यशोधराबाईंनी ती पदरानं पुसली आणि इंग्रजी अक्षरं जुळवत सरांचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदाच वाचलं.

"उत्तेजनार्थच आहे," सर पुटपुटले.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं आहे."

पंखे मात्र पुढेच राहिले. काढायला गेलं तर पातीच तुटतील, असं अंगदनं बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी लंकाबाई बघायला आल्या, त्यांनी मान तिरकी केली, मग सरळ केली. "आता कसं बराबर दिसतंय! मी पयल्याच दिवशी म्हनलं हुतं." सरांनी फुंकर मारली, तर दोन्ही चक्रं एकाच बाजूला फिरत होती.

महिन्याभरात बन्सीशेठचा माणूस दारात आला. कुणाचा तरी सत्कार होता, टेम्पो बंद पडला होता. "बाई, सरांचं इमान द्या ना, फोटोपुरतं."

यशोधराबाईंनी शोकेसला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि कॉटखालून बैलगाडी काढून त्याच्या हातात दिली. ती परत आली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नाही.